गाडीतलं घर आणि हवेतली तार

'आरव्ही' ही दोन अक्षरं आता आपल्याकडेही थोडीफार ओळखीची झाली आहेत. 'रिक्रिएशनल व्हेईकल'चं हे लघुरूप. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडून जे फोटो येतात, त्यांत कधीतरी एसटीच्या गाडीएवढी लांब, पांढरीशुभ्र गाडी दिसते. आत ओटा, शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, सगळं काही. हे चाकांवरचं घर. अशी घरं रात्री जिथे मुक्कामाला थांबतात, त्या जागेला 'आरव्ही पार्क' किंवा 'कॅम्पग्राउंड' म्हणतात. मी तिला 'तळ' म्हणणार आहे. लष्कराचा तळ असतो, पालखीचा तळ असतो, तसा हा गाड्यांचा तळ. या तळांवर बिनतारी इंटरनेट कसं आलं आणि पुढे त्याचं काय झालं, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

विषय अगदी छोटा वाटेल. सुटीवर गेलेल्या लोकांना इंटरनेट मिळालं काय आणि न मिळालं काय, असंही कुणी म्हणेल. माझी उमेदीची वर्षं टेलिफोनच्या तारा ओढण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, म्हणून असेल, पण मला हा छोटा इतिहास फार बोलका वाटतो. एखादी सोय सगळ्यांसाठी म्हणून येते, बघता बघता ती गरज होते, मग ती अपुरी पडते आणि ज्यांना परवडतं ते तिच्यातून बाहेर पडून स्वतःची वेगळी व्यवस्था करतात. हे चक्र पाण्याच्या, शाळांच्या, बसगाड्यांच्या बाबतीत आपण पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या गाड्यांच्या तळावर ते अवघ्या वीस-बावीस वर्षांत पूर्ण झालं.

सुरुवात थोडी मागे जाऊन करू. मोटारी स्वस्त झाल्या तशी अमेरिकेत मोटारीला राहुटी बांधून हिंडणाऱ्यांची संख्या वाढली. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात अशा भटक्यांनी आपली संघटनाच काढली. नाव ठेवलं 'टिन कॅन टुरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी. यांचं जेवण बहुधा डबाबंद असे. पुढे १९३६ मध्ये 'एअरस्ट्रीम' कंपनीने चकचकीत ॲल्युमिनिअमची 'क्लिपर' ही मोटारीमागे ओढायची घरगाडी आणली. हे ॲल्युमिनिअम लक्षात ठेवा, ते पुढे आपल्याला आडवं येणार आहे. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. आणि १९६२ मध्ये, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेले मोटारवाले बिलिंग्ज या गावावरून जाताना पाहून मोंटाना राज्यातल्या डेव्ह ड्रम या गृहस्थांनी यलोस्टोन नदीकाठी एक तळ सुरू केला. गरम पाण्याची अंघोळ, स्वच्छ संडास, छोटं दुकान. त्यातूनच 'कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका' ही साखळी उभी राहिली. आज अमेरिका आणि कॅनडात मिळून तिचे पाचशेहून अधिक तळ आहेत.

तळांच्या इतिहासात एक क्रम दिसतो. आधी नुसती जागा होती. मग पाण्याचा नळ आला. मग वीज आली. मग सांडपाण्याची जोडणी आली. पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या गाडीच्या दाराशी मिळाल्या की त्याला 'फुल हुकअप' म्हणतात. प्रत्येक सोय आली तेव्हा 'ही चैन हवी कशाला?' असं विचारणारे होतेच. दहा वर्षांनी तेच लोक 'नळ कुठे आहे?' असं विचारत होते. या यादीत एक गोष्ट मात्र बराच काळ आली नाही. ती म्हणजे टेलिफोनची तार.

याचं कारण साधं आहे. टेलिफोन हा घराला चिकटलेला. एक्स्चेंजपासून तुमच्या दारापर्यंत तांब्याची एक जोडी यायची आणि त्या जोडीला तुमचा नंबर असायचा. घरच रोज सकाळी उठून ८०-१०० मैल पुढे जायला लागलं, तर तार कुठे जोडायची? त्यामुळे तळावरच्या माणसाला कचेरीबाहेरचा नाणी टाकायचा फोन, एवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध.

आणखी एक अडचण कायद्याची होती. अमेरिकेतल्या टेलिफोनच्या जाळ्यावर दीर्घकाळ 'ए टी अँड टी' कंपनीची मक्तेदारी होती आणि कंपनीच्या तारेला परकं उपकरण जोडायला मनाई होती. टेक्ससमधल्या थॉमस कार्टर नावाच्या उद्योजकाने तेलविहिरींवरच्या लोकांसाठी, बिनतारी संच आणि टेलिफोन यांना जोडणारं एक उपकरण बनवलं. कंपनीने हरकत घेतली. प्रकरण तिथल्या संदेशवहन आयोगापुढे, म्हणजे 'एफसीसी'पुढे गेलं आणि १९६८ मध्ये निकाल कार्टर यांच्या बाजूने लागला. त्यानंतर हळूहळू तारेला दुसऱ्यांची यंत्रं जोडण्याचा रस्ता मोकळा झाला. संगणकाचा मोडेम सामान्य माणसाच्या हातात आला, त्याच्या मुळाशी हा निकाल आहे.

या मोकळ्या रस्त्यावर आधी निघाला तो मोटारवाला नव्हे, सायकलवाला. स्टीव्हन रॉबर्ट्स हे ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातले लेखक. १९८३ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि रेलून बसायच्या एका सायकलवर संसार थाटला. सायकलीला सौर पट्ट्या, सामानात वहीएवढा 'रेडिओ शॅक मॉडेल १००' हा संगणक. दिवसभर पेडल मारायचं, रात्री लिहायचं आणि वाटेत सार्वजनिक फोन दिसला की त्यावरून मजकूर 'कॉम्प्युसर्व्ह' या संगणक सेवेकडे पाठवायचा. असे ते सुमारे १०,००० मैल फिरले. सायकलीचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'विनेबायको', म्हणजे 'विनेबॅगो' या प्रसिद्ध आरव्हीच्या नावावरची कोटी. पत्ता नसलेल्या माणसालाही नोकरी-व्यवसाय करता येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं.

१९९० च्या दशकात इंटरनेट घरोघरी पोहोचलं. तोवर आरव्हीतून फिरणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक झाले होते. एक सुटीपुरते येणारे. दुसरे, घर विकून कायमचे गाडीतच राहणारे, म्हणजे 'फुल टायमर'. यात निवृत्त जोडपी बरीच. त्यांच्यासाठी जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये 'एस्केपीज' नावाचा क्लब काढला. टेक्ससमधलं लिव्हिंगस्टन गाव हे या क्लबचं मुख्य ठाणं. सभासदांची पत्रं तिथे यायची आणि तिथून ती, ज्या गावी सभासद असेल त्या गावी रवाना व्हायची. पेन्शनचा कागद, बँकेचं पत्र, नातवाचा वाढदिवस, सगळं असं वळसा घालून पोहोचायचं. अशा माणसांना ई-मेल म्हणजे वरदानच वाटलं, यात नवल नाही.

पण ई-मेल उघडायचं कुठे? तळाच्या कचेरीत भिंतीवर एक टेलिफोनचं सॉकेट असे. त्याला आपला लॅपटॉप जोडायचा, १५ मिनिटांत पत्रं उतरवून घ्यायची आणि मागच्या माणसाला जागा द्यायची. संध्याकाळी रांग लागायची. आपल्याकडे एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर दर कमी व्हायचे तेव्हा लागायची, तशीच. काही जण 'पॉकेटमेल' नावाचं हातात मावणारं यंत्र बाळगायचे. ते सार्वजनिक फोनच्या रिसीव्हरला टेकवलं की आवाजाच्या खुणांनी पत्रं जायची आणि यायची.

यातून सुटका झाली ती हवेमुळे. म्हणजे हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरींमुळे. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे सांगायला नको की लहरींच्या प्रत्येक पट्ट्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. सरकारचा परवाना असल्याशिवाय त्यावर प्रक्षेपण करता येत नाही. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे मात्र संदेशवहनासाठी नव्हे, तर उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी बाजूला काढून ठेवले होते. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. यंत्रांच्या खरखरीमुळे हे पट्टे संदेशवहनाच्या कामाचे नाहीत, असं समजलं जाई. अभियंते त्यांना कचरापट्टे म्हणत.

एफसीसीमधले मायकेल मार्कस हे अभियंते निराळा विचार करत होते. संदेश एकाच लहरीवर न पाठवता अनेक लहरींवर पसरून पाठवला, तर थोड्या खरखरीने तो बिघडत नाही. हे तंत्र तोवर मुख्यतः लष्कराकडे होतं. मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने मे १९८५ मध्ये आयोगाने निर्णय दिला की, या पट्ट्यांत एक वॅटपर्यंतच्या शक्तीने, पसरून पाठवण्याच्या तंत्राने, कुणीही परवान्याशिवाय प्रक्षेपण करावं. अट एवढीच की दुसऱ्याच्या खरखरीबद्दल तक्रार करायची नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. गावाची पडीक जमीन गायरान म्हणून सगळ्यांना खुली करावी, तसा हा प्रकार. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये असा खुला झाला.

या गायरानात पुढे वाय-फाय उगवलं. १९९७ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण ठरलं. वेग होता सेकंदाला दोन मेगाबिट. १९९९ मध्ये सुधारित प्रमाण आलं, ११ मेगाबिटचं. त्याच वर्षी 'ॲपल'ने आपल्या लॅपटॉपमध्ये ही सोय दिली आणि 'वाय-फाय' हे नावही तेव्हाच ठरलं. २००३ मध्ये 'इंटेल'ने 'सेंट्रिनो' आणलं आणि मग बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये वाय-फाय आपोआप येऊ लागलं.

तळांच्या मालकांना हे आयतंच मिळालं. शंभर गाड्यांच्या तळावर प्रत्येक जागेपर्यंत टेलिफोनची तार न्यायची तर सगळं मैदान खणावं लागतं. वाय-फायला खणायला नको. कचेरीच्या छपरावर एक अँटेना, मैदानात दोन-चार खांबांवर आणखी काही, की झालं. हे काम करून देणाऱ्या कंपन्याही निघाल्या. टेक्ससमधल्या ऑस्टिनची 'टेंगोइंटरनेट' ही २००२ च्या सुमाराची. सुरुवातीला तासावर, दिवसावर किंवा आठवड्यावर पैसे पडत. कचेरीतून एक कूपन घ्यायचं, त्यावरचा आकडा टाकायचा. कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यान खात्याने २००४-०५ च्या सुमारास 'एसबीसी' या टेलिफोन कंपनीबरोबर ८५ उद्यानांत वाय-फाय आणण्याचा बेत जाहीर केला. खासगी तळांची आपापसांत चढाओढ लागली आणि रस्त्यावरच्या फलकांवर 'तरण तलाव', 'कुत्र्यांना मुभा' या ओळींखाली 'मोफत वाय-फाय' ही ओळ आली.

फलकावर ओळ लिहिणं सोपं होतं. प्रत्यक्षात गाडीत बसून इंटरनेट मिळणं अवघड. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं कारण झाडं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत शोषल्या जातात. हिवाळ्यात, निष्पर्ण झाडांमध्ये बसवलेली व्यवस्था उत्तम चालायची आणि ऐन हंगामात, पानं फुटली की दुबळी व्हायची. दुसरं कारण गाडीच. मघाचं ॲल्युमिनिअम आठवा. धातूच्या पत्र्याच्या डब्यात रेडिओलहरी शिरत नाहीत. खिडकीतून जे काही येईल ते. तिसरं कारण शेजारी. २.४ च्या पट्ट्यात अमेरिकेत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, एक, सहा आणि अकरा. त्यात शेजारच्या गाडीतली मायक्रोवेव्ह भट्टी जेवणाच्या वेळी सुरू झाली की आणखी गोंधळ. लोकांनी उपायही शोधले. बटाट्याच्या वेफर्सच्या उंच, गोल डब्यातून अँटेना करण्याची युक्ती २००१ मध्ये रॉब फ्लिकेंजर यांनी प्रसिद्ध केली आणि ती हौशी मंडळींनी उचलून धरली.

२०१२ च्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो असताना आम्ही आठ दिवसांसाठी भाड्याची आरव्ही घेऊन युटा राज्यात फिरलो. एका तळावर संध्याकाळी फिरायला बाहेर पडलो, तर कपडे धुण्याच्या यंत्रांची जी सामायिक खोली असते, तिच्याभोवती बारा-पंधरा माणसं घुटमळताना दिसली. कुणी पायरीवर बसलेलं, कुणी खुर्ची घेऊन आलेलं. मला वाटलं पाण्याची काही अडचण आहे. जावई म्हणाले, "बाबा, अँटेना या खोलीवर आहे. इथेच काय ती रेंज येते." त्यात सत्तरीच्या एक बाई होत्या. त्या डॉक्टरांच्या तपासणीचा अहवाल उघडायचा प्रयत्न करत होत्या. मी खांबावर नजर टाकली. अँटेना चांगली होती. लहरीही भरपूर होत्या. लॅपटॉपवर सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसत होत्या. तरीही पान उघडत नव्हतं.

आयुष्यभर लाइनमध्ये काम केलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. अडचण हवेत नव्हतीच. अडचण जमिनीत होती. आपल्या जुन्या चाळीचं उदाहरण घ्या. गच्चीवर मोठी टाकी आहे, प्रत्येक बिऱ्हाडात नळ आहे, नळ चकचकीत आहे. पण टाकी भरणारा म्युनिसिपालिटीचा पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर नळ कितीही सोडा, धार बारीकच येणार. वाय-फाय म्हणजे नळ. तळाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार म्हणजे पाइप. हे तळ डोंगरात, वाळवंटात, नदीकाठी, म्हणजे नेमके तिथे असतात जिथे चांगली तार पोहोचलेली नसते.

हिशेब करून पाहू. त्या काळी 'टी-वन' नावाची तार ही चांगली जोडणी समजली जाई. तिचा वेग सेकंदाला १.५४४ मेगाबिट. आडगावी तिच्यासाठी महिन्याला शेकड्यांनी डॉलर मोजावे लागत. या एका तारेवर १०० गाड्या बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १५ किलोबिट येतात. जुना डायल-अप मोडेम ५६ किलोबिटचा होता! शंभरातल्या तीस जणांनी जरी एकदम इंटरनेट उघडलं, तरी प्रत्येकाला जेमतेम डायल-अपइतकाच वेग मिळणार. ई-मेलपुरतं ते चालून गेलं, कारण सगळे एकाच क्षणी पत्र उतरवत नाहीत. पण २००५ मध्ये 'यूट्यूब' आलं. २००७ मध्ये 'नेटफ्लिक्स'ने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. साध्या प्रतीच्या एका चित्रपटाला सेकंदाला एक-दीड मेगाबिट लागतात. म्हणजे एका गाडीतल्या मुलांनी चित्रपट लावला की तळाचा अख्खा पाइप संपला. आणि पावसाळी संध्याकाळी मुलं दुसरं काय करणार?

मालकांच्या बाजूनेही पाहायला हवं. तळाचा हंगाम बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांचा. तारेचं भाडं मात्र वर्षभराचं. 'मोफत' असा फलक लावल्यावर त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे? मग कुणी चित्रपटांवर बंदी घातली, कुणी प्रत्येक गाडीला वेगाची मर्यादा लावली, कुणी ई-मेलपुरतं मोफत आणि जास्त वेगासाठी वेगळे पैसे अशी दोन ताटं मांडली. त्यात सुरक्षिततेचा प्रश्न होताच. सामायिक, बिनकुलपाच्या वाय-फायवर शेजाऱ्याचं खातं किती सहज उघडता येतं, हे २०१० मध्ये 'फायरशीप' नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅमने जगाला दाखवलं.

दुसरा एक वाद मुळापासूनचा होता. निसर्गात जायचं ते जगापासून दूर जाण्यासाठी, मग तिथे वाय-फाय कशाला? कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने २०१४ मध्ये काही उद्यानांत वाय-फायची ठिकाणं उभारण्याचं ठरवलं, तेव्हा हा वाद चांगलाच रंगला. असाच वाद पूर्वी मोटारींवरून झाला होता. अमेरिकेतलं यलोस्टोन हे १८७२ चं राष्ट्रीय उद्यान. तिथे मोटारींना अधिकृत प्रवेश १९१५ मध्ये मिळाला आणि आता शांतता संपली, असं तेव्हाही म्हटलं गेलं. शांतता हवी असणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. दोन दिवस फोन बंद ठेवणं हे सुखच आहे. पण ते सुख कुणाचं, हाही प्रश्न आहे. ज्याला सोमवारी आपल्या घरी परत जायचं आहे, त्याचं.

तळावर राहणारे सगळेच सुटीवर आलेले नसतात. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर घर गमावलेली, भाडं न परवडणारी पुष्कळ माणसं गाडीत राहायला आली. त्यांत साठी ओलांडलेले अनेक होते. हंगामी कामांच्या मागे ती हिंडतात. बिटाची काढणी, तळांची देखभाल, गोदामातलं काम. 'ॲमेझॉन'ने सणासुदीच्या हंगामात अशा गाडीवासीयांना कामाला घेण्याची खास योजना २००८ पासून बरीच वर्षं चालवली. जेसिका ब्रुडर यांनी या लोकांमध्ये राहून 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, त्यामुळे अनेकांना हे जग ठाऊक झालं. या माणसांचा कामाचा अर्ज इंटरनेटवर, पेन्शन आणि बँक इंटरनेटवर, डॉक्टरची वेळ इंटरनेटवर. दारावर पाटी नसलेल्या माणसाचा पत्ता म्हणजे त्याची इंटरनेटची जोडणी. ती तुटली की माणूस बेपत्ता. कपडे धुण्याच्या खोलीपाशी बसलेल्या त्या बाई सुटीवर होत्या की कायमच्या गाडीत राहणाऱ्या, मी विचारलं नाही. पण त्या अहवालाची निकड वाय-फायच्या फलकावर कुठेच लिहिलेली नव्हती.

सामायिक नळाला धार येत नाही म्हटल्यावर लोक काय करतात? परवडत असेल तर स्वतःची बोअर मारतात. तळावर तेच झालं. आधी छपरावर मोठी तबकडी बसवणारे आले. 'मोटोसॅट' कंपनीची 'डेटास्टॉर्म' ही आपोआप उपग्रहाकडे तोंड करणारी तबकडी त्यात गाजली. पण तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागायचा आणि तबकडीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. मग मोबाइल कंपन्यांचं जलद जाळं पसरलं. २००९ मध्ये 'मायफाय' नावाची खिशातली डबी आली. ती मोबाइलवरून इंटरनेट घ्यायची आणि गाडीपुरतं वाय-फाय द्यायची. पुढे फोनच ते काम करू लागला. या खासगी जोडण्या अडवण्याचाही प्रयत्न एका हॉटेलात झाला. नॅशव्हिलमधल्या आपल्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट बंद पाडल्याबद्दल 'मॅरियट'ला २०१४ मध्ये सहा लाख डॉलर भरावे लागले. गायरानात कुणालाही कुंपण घालता येणार नाही, हे आयोगाने त्यातून पुन्हा बजावलं.

२०२० मध्ये करोना आला आणि घरून काम सुरू झालं. घरून काम करता येतं, तर चाकांवरच्या घरून का नाही, असा विचार अनेकांनी केला. २०२१ मध्ये अमेरिकेत कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या. तोवरचा तो उच्चांक होता. मे २०२२ मध्ये 'स्टारलिंक'ने खास आरव्हीसाठी सेवा काढली. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरणारे, त्यामुळे विलंब नगण्य. डोंगरात, वाळवंटात, जिथे तार नाही, खांब नाही, तिथेही इंटरनेट. सुरुवातीचा दर महिन्याला १३५ डॉलर, तबकडीचे पैसे वेगळे. गंमत म्हणजे हिलाही झाडं आडवी येतात. वर मोकळं आभाळ लागतं. सावलीची जागा की इंटरनेट, ही जुनी निवड नव्या यंत्रानेही सोडवलेली नाही.

म्हणजे प्रश्न सुटला का? ज्यांना महिन्याला इतके डॉलर देता येतात, त्यांचा सुटला. एकाच तळावर आज असं दिसू शकतं की, अर्ध्या गाड्यांच्या छपरांवर स्वतःच्या तबकड्या आहेत आणि उरलेली माणसं खोलीजवळच्या पायरीवर बसली आहेत. आणि तबकडीवाल्यांना आता सामायिक वाय-फाय चांगलं असलं काय, वाईट असलं काय, फरक पडत नाही. तक्रार करणारा, भांडणारा, मालकाला जाब विचारणारा वर्गच निघून गेला. सरकारी शाळा ओस पडतात त्या अशाच. आधी बोलणारे पालक बाहेर पडतात, मग शाळेबद्दल कुणी बोलत नाही.

काही तळांनी अर्थात निराळी वाट धरली. जिथे फायबरची तार जवळ आली तिथे ती आत घेतली, अँटेना झाडांच्या उंचीचा विचार करून लावल्या, आणि इंटरनेटचा खर्च पाणी-विजेसारखा जागेच्या भाड्यात उघडपणे धरला. अशा ठिकाणी सामायिक वाय-फायवर निर्धास्त काम करता येतं. म्हणजे यंत्रविद्येत काही कमी नव्हतं. कमी होती ती आधी हिशेब मांडण्याची तयारी: पाइप केवढा, माणसं किती, कुणाला किती, आणि पैसे कोण देणार.

१९८५ मध्ये हवा सर्वांसाठी मोकळी झाली, ही त्या निर्णयाची थोरवी. पण मोकळ्या हवेतून जे वाहायचं ते शेवटी जमिनीतल्या तारेतून यावं लागतं आणि ती तार कुणाला तरी भाडं देऊन घ्यावी लागते. तेवढा भाग गृहीत धरला गेला. आपल्याकडे रेल्वे स्थानकांत, बागांत, ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत 'मोफत वाय-फाय'च्या पाट्या लागल्या आहेत, लागत आहेत. पाटी पाहिली की आनंद जरूर व्हावा. मात्र त्याच वेळी एक साधा प्रश्न विचारायची सवयही आपण लावून घ्यावी: नळ दिसला, पण टाकीला येणारा पाइप किती इंचाचा आहे?